पाटीवाले सर पहिलीत

माझ्या फोनमध्ये एक नंबर सात वर्षं 'पाटी' या नावानं सेव्ह आहे. त्या माणसाचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण नाव लिहायचं म्हणजे थोडा मान देणं आलं, आणि तेवढा मान द्यायची माझी तयारी नव्हती. सात वर्षांत मी दोन फोन बदलले, स्वतःचा नंबरसुद्धा बदलला, पण हा एक नंबर दरवेळी नीट उतरवून घेतला. आई मला म्हणायची, "देवाला एवरा लक्षान ठेवला असतास, तर पावला असता गो तुला."

मी नवी मुंबईतल्या तळवलीची. आमची भातशेती सेक्टरांखाली गेली आणि वडिलांनी उरलेल्या गावठाणातल्या जागेवर चार मजले चढवले. भाडी येतात, घर चालतं. अशा घरातल्या मुलीनं आयटीआय करून रबाळ्याच्या एमआयडीसीत जावं आणि जळके बोर्ड हुंगत बसावं, हे कुणालाच पटलं नव्हतं. वडिलांनी शेवटी तीन महिन्यांची मुदत दिली. तीन महिन्यांत नोकरी पक्की झाली तर करायची, नाहीतर काकांच्या रेती-सिमेंटच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि गल्ल्यावर बसण्यापेक्षा खाडीत उडी मारीन म्हणत होते.

रबाळ्याच्या त्या गाळ्यात कारखान्यांच्या मशिनींचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त व्हायचे. मालक आणि दोन जुने कारागीर. कारागीर शिकवायचे नाहीत, पाठ करून बसायचे. मालकांनी पहिल्याच आठवड्यात मला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि म्हणाले, "अडलं की इथे विचार. सगळे बाप लोक आहेत इथे." ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांचे दुरुस्तीवाले त्या ग्रुपवर होते, आणि त्या सगळ्यांचे बाप म्हणजे हे सर, माझ्या फोनमधले 'पाटी'. तुर्भ्याला त्यांची स्वतःची लॅब होती.

माणूस हुशार होता, हे कबूल करायला मला आजही दात-ओठ खावे लागतात. नुसत्या फोटोवरून ते सांगायचे, कुठला पार्ट गेलाय. आणि बहुतेक वेळा तोच गेलेला असायचा. उत्तर दोन ओळींचं, शेवटी पत्रात लिहितात तसं 'कळावे'. ज्याला कळायचं त्याला कळायचं. आमच्यासारख्या नव्यांना त्या दोन ओळींतलं अर्धं समजायचं आणि उरलेलं विचारायची हिंमत व्हायची नाही, कारण तिथे एक रीत होती. सरांनी लाकडी चौकटीची खरी पाटी विकत आणली होती. तिच्यावर खडूनं 'ग म भ न' लिहिलं होतं. कुणी त्यांच्या मते बाळबोध प्रश्न विचारला की उत्तराऐवजी त्या पाटीचा फोटो यायचा. मग बाकीचे हसरी तोंडं टाकायचे. ज्यांना स्वतःला गेल्या महिन्यात पाटी मिळाली होती, ते सगळ्यात जास्त तोंडं टाकायचे.

मला पाटी मिळाली ती दुसऱ्या महिन्याच्या शेवटी. एका पॅकिंग मशिनचा पॉवर सप्लायचा बोर्ड माझ्याकडे आला होता. मालक म्हणाले होते, हा एकटीनं चालू करून दाखव, मग पक्कं करू. जळालेला पार्ट मी शोधला, काढला, नवा बसवला. चालू करायच्या आधी मी ग्रुपवर लिहिलं, "सर, जळालेला पार्ट बदलला आहे. आता चालू करू का? अजून काही बघावं लागतं का? आज मालकांना दाखवायचं आहे, नाहीतर माझं काम राहणार नाही."

उत्तर आलं. "बदललास ना? मग चालू कर. मुहूर्त काढून देऊ का? कळावे."

मी चालू केला. असा आवाज झाला की शेजारच्या गाळ्यातले लोक धावत आले. बोर्डाच्या मधोमध काळं भोक पडलं होतं आणि माझ्या भुवयांना जळका वास येत होता. मी वेड्यासारखी पुन्हा ग्रुपवरच गेले आणि लिहिलं की फुटला. तेव्हा सरांनी विचारलं, "सिरीज बल्ब न लावता चालू केलास?" आणि त्याखाली पाटी. ग म भ न.

सिरीज बल्ब म्हणजे काय, ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. आज ते चार वाक्यांत सांगता येतं. दुरुस्त केलेला बोर्ड कधी थेट विजेला लावायचा नाही. मध्ये एक जुना, पिवळा, तारेचा बल्ब घ्यायचा आणि वीज त्यातून बोर्डाला द्यायची. बोर्डात अजून शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळा झटका स्वतः झेलतो, बोर्ड वाचतो. शॉर्ट नसेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. या धंद्यातल्या प्रत्येकाच्या टेबलावर असा बल्ब असतो, माझ्या पाठमोऱ्या कारागिरांच्या टेबलावरही होता. मला वाटायचं तो उजेडाला आहे.

मालकांनी पाटी त्यांच्या फोनवर पाहिली होती. "काय यार, फुकटचं टेन्शन दिलंस," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्यापासून नको येऊस."

मी काकांच्या दुकानात दोन वर्षं बसले. खाडीत उडी मारली नाही, कारण मेल्यावर सूड घेता येत नाही. सिमेंटची धूळ नाकात जायची आणि माझ्या डोक्यात तेच एक वाक्य फिरत राहायचं. मुहूर्त काढून देऊ का? एक ओळ लिहायला काय लागलं असतं त्या माणसाला? 'आधी सिरीज बल्ब लाव.' चार शब्द. त्याऐवजी त्यानं मुहूर्ताचा विनोद केला, आणि तो विनोदही बरोबर चार शब्दांचाच होता. मी मोजलं होतं. आई पुढ्यात ताट ठेवून म्हणायची, "एवरा राग बरा नाय गो. पोटान आग ठेवून जेवन अंगाला लागत नाय." लागत नव्हतंच. मी त्या दोन वर्षांत नुसती वाळले.

पण दुकानात ठेकेदार यायचे, त्यांच्या बंद पडलेल्या ड्रिल मशिनी आणि कटर यायचे. मी गल्ल्यामागे बसून ते उघडायला लागले. सगळ्यात आधी सिरीज बल्बचा बोर्ड बनवला. तारेचे बल्ब तेव्हा मिळेनासे झाले होते, एलईडी चालत नाही, मी घणसोलीपासून कोपरखैरण्यापर्यंत दुकानं पालथी घातली. मग रोज थोडं थोडं शिकले. आणि गंमत म्हणजे मी त्या ग्रुपवरून बाहेर पडले नव्हते. सरांचं प्रत्येक उत्तर मी वहीत उतरवायची, आणि शेजारी लाल पेनानं लिहायची की यात काय सांगायचं राहिलं. त्या वहीचं शेवटी मोठं बाड झालं. जगातला एकही विद्यार्थी आपल्या गुरूची वाक्यं इतक्या तिरस्कारानं उतरवत नसेल.

पाटी मिळालेल्यांना मी गुपचूप वेगळा मेसेज करायची आणि राहिलेलं सांगायची. लोक मला फार चांगली बाई समजू लागले. चांगुलपणा कसला, मला त्या माणसाचं दुकान उठवायचं होतं. त्याच्याकडे कुणी काही विचारायला जाऊच नये, एवढाच माझा हेतू. असे वीस-पंचवीस जण झाल्यावर मी स्वतःचा ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं 'पहिली इयत्ता'. तुम्हाला पाटीची हौस आहे ना, मग हा वर्गच घ्या.

तिथला मुख्य नियम मी मुद्दाम उलटा केला. ज्याला सगळ्यात शेवटी उत्तर मिळालं असेल, त्यानंच पुढच्याला उत्तर द्यायचं. येत नसेल तर इतरांना विचारून यायचं, पण द्यायचं त्यानं. उत्तराची सुरुवात 'हे कोणी सांगत नाही' अशी करायची आणि जे सगळ्यांना ठाऊकच असतं असं वाटतं, ते आधी लिहायचं. चुकीचं काही जाऊ नये म्हणून उत्तर आधी मला दाखवायचं; मी हो म्हटलं की ग्रुपवर टाकायचं. जाणत्यांना बाकावर बसवायचं, हा त्यातला डाव होता. पण झालं असं की लोक भराभरा शिकायला लागले. काल ठेचकाळलेल्याला दगड कुठे आहे ते नीट आठवत असतं. पंचवीस वर्षं त्याच वाटेनं चालणाऱ्याला तो दिसतही नाही. हे मी ठरवून केलेलं नाही. मी फक्त डूख धरला होता आणि त्यातून हे निघालं.

आता माझा स्वतःचा गाळा आहे, वडिलांच्याच इमारतीत तळमजल्यावर. बोर्डांबरोबर आम्ही इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्याही करतो. काही महिन्यांपूर्वी एका सकाळी अकराच्या सुमाराला 'पहिली इयत्ता'वर नवा माणूस आला, आणि माझ्या फोनवर त्याचं नाव उमटलं. पाटी.

मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.

त्यांनी लिहिलं होतं, "नमस्कार. वय ५८. स्वतःची लॅब होती, ती बंद केली. आता बोर्ड कोणी दुरुस्त करत नाही, बदलतात. सध्या स्कूटरच्या बॅटरीच्या वर्कशॉपमध्ये चाचणीवर आहे. बॅटरीतली बीएमएसची पट्टी दोनदा बदलली, सर्व सेल बरोबर आहेत, तरी आउटपुट येत नाही. आज पाचच्या आत चालू करून दाखवायची आहे, नाहीतर येथील काम राहणार नाही. मार्गदर्शन व्हावे. कळावे."

मी ते चार वेळा वाचलं. बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आत सेलांची राखण करणारी पट्टी. ती नवी बसवली की झोपलेली असते. एकदा चार्जर लावला की जागी होते आणि आउटपुट सुरू होतं. बस. बॅटरीच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून कुणी सांगत नाही. आणि बोर्डाच्या धंद्यातल्या बापमाणसाला ते कुठून ठाऊक असणार! तो बिचारा सेल मोजत बसणार, पट्टी तिसऱ्यांदा बदलणार.

त्या दिवशी उत्तर द्यायची पाळी एका साताऱ्याकडच्या मामांची होती. तुर्भ्याच्या मार्केटात त्यांनी वीस वर्षं पोती वाहिली, पाठ गेली, आणि मग वजनकाटे दुरुस्त करायला शिकले. आठवड्यापूर्वीच त्यांच्या काट्याची बॅटरी अशीच झोपली होती. दहा मिनिटांत त्यांचं उत्तर माझ्याकडे तपासायला आलं. अगदी बरोबर होतं. पाठोपाठ फोनही आला.

"म्याडम, टाकू का? मला ठावं हाय ह्ये. मानूस घायकुतीला आलाय."

"थांबा मामा," मी म्हटलं. "मी सांगेन तेव्हा टाका."

"काय चुकलंय व्हय?"

"नाही. थांबा."

एवढंच मी केलं. कुणाला शिवी दिली नाही, पाटी पाठवली नाही. ती माझ्याकडे होती, सात वर्षं जपलेली, पण तिच्यापेक्षा ही चीज भारी होती. बारा वाजता त्यांनी पुन्हा विचारलं, "कोणी आहे का?" एक वाजता आई जेवण घेऊन खाली आली. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून आणलेल्या सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आई माझ्याकडे बघतच राहिली, कारण एवढी भूक माझ्या तोंडावर तिनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तीन वाजता त्यांनी फोटो टाकला, उघडी बॅटरी आणि तिच्यावर वाकलेल्या बोटांच्या टोकांना गुंडाळलेल्या बँडेजच्या पट्ट्या. "कृपया," असं त्याखाली लिहिलं होतं. सरांच्या कीबोर्डात हा शब्द आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी मी मामांना म्हटलं, टाका आता.

दहा मिनिटांनी सरांचं उत्तर आलं. "आवराआवर करता करता चार्जर लावून पाहिला. चालू झाली. मालकांनी मघाशीच उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. तरी कळले ते बरे झाले. आभारी आहे. कळावे."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? माझ्याच मालकांचे शब्द होते ते, फक्त आदरार्थी झालेले, आणि सव्वापाचच्या उन्हात मी गाळ्याच्या दारात उभी राहून ते तोंडात घोळवत होते. करावे तसे भरावे. तेवढ्यात मामांचा फोन आला.

"म्याडम, त्या मान्साचं काम ग्येलं की वो."

"हो. वाचलं मी."

"म्या अकरालाच सांगत हुतो. मग मला थांबिवलं कशापायी?"

मामांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि ते विचारत होते, ग्रुपवर विचारतात तसं. मी म्हटलं, नेटवर्क नव्हतं. नेटवर्क नसताना मी त्यांचा फोन घेतला होता, हे दोघांनाही आठवत होतं. मामा "बरं" म्हणाले आणि त्यांनी ठेवला. माझा आनंद तिथेच थोडा खरवडला गेला. सरांचं वाईट वाटून नव्हे. मामांसमोर खोटं बोलावं लागलं म्हणून.

नियमाप्रमाणे आता पुढच्या प्रश्नाचं उत्तर सरांनी द्यायचं होतं. मला खात्री होती, काम गेलेला हा माणूस ग्रुप सोडेल. नाही सोडला तर दोन ओळींचं उर्मट काहीतरी लिहील, आणि मग मी सगळ्यांदेखत त्याला हाकलीन. चार दिवसांनी पनवेलच्या एका बाईंनी विचारलं. त्या शिवणयंत्रांच्या मोटारी आणि त्यांचे छोटे बोर्ड दुरुस्त करायला शिकत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "जळालेला पार्ट बदलला आहे. आता चालू करू का? भीती वाटते."

तोच प्रश्न, आणि तोच माणूस उत्तर देणार.

तासाभरानं सरांचं उत्तर माझ्याकडे तपासायला आलं. फोटो होता. लाकडी चौकट दिसली आणि मी मोठ्यानं हसले. पाटी! बदलला नाहीच हा माणूस, बरं झालं. हाकलायची भाषा मी मनात जुळवतसुद्धा होते. मग फोटो पुरता उघडला.

पाटीवर 'ग म भ न' नव्हतं. खडूनं काढलेला प्लग होता, त्यापुढे बल्ब, त्यापुढे बोर्ड, आणि एकेका वायरीवर बाणानं लिहिलं होतं, ही इथे, ही तिथे. बल्बशेजारी 'तारेचाच, एलईडी नको' असं. खाली त्यांनी लिहिलं होतं:

"हे कोणी सांगत नाही. आधी सिरीज बल्ब लावा. तो कसा करायचा ते चित्रात आहे. बल्ब जोरात पेटून तसाच राहिला तर घाबरू नका, लगेच बंद करा. दोष अजून आत आहे आणि बोर्ड वाचला आहे. मंद झाला तर काम झालं. हे सगळ्यांना ठाऊक असतं असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. घाई करू नका. मी फोनपाशी आहे. कळावे."

मी त्यात स्वतःला शोधलं. रबाळ्याची कुणी मुलगी, फुटलेला एखादा बोर्ड, अर्धं वाक्य तरी. काही नव्हतं. त्याला मी आठवतच नव्हते. माझी सात वर्षं त्याच्या डोक्यात एक सेकंदसुद्धा नव्हती. वाटलं, हे उत्तर अडकवून ठेवावं. माझं बोट खरंच थांबलं होतं. पण पलीकडे ती बाई प्लग हातात घेऊन बसली होती, आणि तसं बसणं काय असतं ते मला ठाऊक होतं. मी हो म्हटलं.

पाच मिनिटांनी बाईंचा मेसेज आला. "सर, बल्ब भगभगला! लगेच बंद केलं. बोर्डाला काही झालं नाही."

तेव्हा मला रडू आलं. ते रागाचं रडू होतं, कुणी मायेचं समजू नये. तो बोर्ड माझा होता. तो बल्ब माझ्या टेबलावर पेटायला हवा होता, आणि मी रबाळ्याच्या गाळ्यात पक्की व्हायला हवी होते. चार शब्द, सात वर्षं उशिरा, दुसऱ्याच बाईच्या बोर्डावर. त्याच वेळी हेही कळत होतं की 'मी फोनपाशी आहे' एवढं लिहिणाऱ्या माणसाला मी अकरापासून पाचपर्यंत एकटं ठेवलं होतं. त्यानं मला उत्तर दिलं नाही ते न कळून. मी मात्र सगळं कळत असताना दिलं नव्हतं.

मी हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. मामांना मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगितलं. मामा म्हणाले, "त्यांना दुसरीकडं कुटं लावता येतंय का बगू." आणि त्यांनी खरंच कुठल्याशा काटेवाल्याकडे शब्द टाकला. त्याचं काय झालं, मी विचारलेलं नाही.

पाटीचा तो फोटो मी ग्रुपच्या अगदी वर पिन केला आहे. नवा माणूस आला की पहिला तोच बघतो. पिन केलेल्या प्रत्येक उत्तराखाली मी ते देणाऱ्याचं नाव लिहिते, मामांचं तिथे तीनदा आहे. या एका फोटोखाली मी नाव लिहिलेलं नाही.